अठ्ठेचाळीस तासांचा हिशेब द्या

सातव्या महिन्यातले मूल जगते, आठव्यातले जगत नाही, असे आपल्या माजघरांतून आजही ठासून सांगितले जाते. या समजाला काडीचा आधार नाही. पोटातला एकेक आठवडा बाळाच्या पदरात भरच टाकत असतो, हे कोणीही बालरोगतज्ज्ञ सांगेल. आजीबाईंच्या या बोलण्यावर शिकलेली मंडळी हसतात, खुशाल हसोत. पण आजीबाईंचा समज कोणी सलाइनमधून शिरेत सोडत नाही. छापील लेटरहेडवर, पदव्यांच्या भेंडोळ्याखाली, सही-शिक्क्यानिशी जी अंधश्रद्धा गरोदर बाईच्या हातात ठेवली जाते, तिला हसण्याची हिंमत कोणात आहे? दिवस भरण्याआधी कळा सुरू झाल्या की कळा थांबवण्याचे इंजेक्शन; कळा थांबल्या की त्याच औषधाच्या गोळ्या, आठवडेच्या आठवडे; आणि घरी जाऊन पूर्ण विश्रांती. हा रतीब कोणत्या पुराव्यावर चालू आहे, असा आमचा पहिला सवाल आहे. त्या इंजेक्शनाने जे अठ्ठेचाळीस तास हाती आले त्यांचे काय केलेत, हा दुसरा. पहिल्यापेक्षा दुसऱ्याचे उत्तर अधिक लाजिरवाणे आहे.

२०२० साली जगात सुमारे १ कोटी ३४ लाख मुले ३७ आठवडे भरण्याआधी जन्मली. त्यांतली ३० लाखांवर एकट्या भारतातली. पाच वर्षांखालच्या बालमृत्यूंचे जगातले पहिले कारण आज हगवण नाही, न्यूमोनिया नाही. अपुऱ्या दिवसांचा जन्म हे आहे. तरीही या विषयावर विधिमंडळात घसा फोडून बोललेला आमदार आम्हाला आठवत नाही. बाळ गेले की नशीब, आणि वाचले की डॉक्टरसाहेबांचा हातगुण, एवढ्यावर आपल्याकडे हे प्रकरण मिटते.

आधी औषधांचे पाहू. गर्भाशय हा स्नायू आहे. तो आवळला की कळ येते. त्याला सैल करणारी औषधे निरनिराळ्या घराण्यांतली आहेत. आयसॉक्सुप्रीन, रिटोड्रीन, टर्ब्युटालीन हे एक घराणे. निफेडिपीन ही मुळात रक्तदाबाची गोळी. इंडोमेथॅसिन वेदनाशामकांच्या जातीचे. आणि अ‍ॅटोसिबान हे याच कामासाठी घडवलेले महागडे इंजेक्शन. पन्नास वर्षांच्या चाचण्यांनंतर या सगळ्यांबद्दल छातीठोकपणे सांगता येते ते एवढेच, की यांतली काही औषधे प्रसूती दोन दिवस, जमले तर आठवडाभर लांबवू शकतात. कळा का सुरू झाल्या, या प्रश्नाला ती हातही लावत नाहीत. पिशवीत जंतुसंसर्ग असेल, वार सुटू लागली असेल, तर कळ ही शरीराची तक्रार असते. अशा वेळी तक्रारीचे तोंड दाबून ठेवणे आई आणि बाळ दोघांच्याही जिवावर बेतू शकते.

१९९२ साली कॅनडातल्या संशोधकांनी रिटोड्रीनची मोठी चाचणी प्रसिद्ध केली. प्रसूती थोडी लांबली. बाळांचे मृत्यू काही कमी झाले नाहीत. २०२५ साली ‘द लॅन्सेट’मध्ये अ‍ॅटोसिबानची चाचणी आली. ३० ते ३४ आठवड्यांच्या गरोदर बायकांपैकी निम्म्यांना औषध दिले, निम्म्यांना नुसते सलाइन. बाळ दगावणे किंवा गंभीर आजारी पडणे याचे प्रमाण औषधाच्या गटात ८ टक्के, सलाइनच्या गटात ९ टक्के. हा फरक योगायोगात जमा.

मग ही औषधे गटारात ओतावीत काय? आमचे म्हणणे तसे नाही. जागतिक आरोग्य संघटनेनेही २०२२ साली अटी घालून निफेडिपीनला मान्यता दिली आहे. हे दोन दिवस मोलाचे आहेत, पण त्यांचे मोल त्या दोन दिवसांत काय केले यावर ठरते. करायच्या गोष्टी दोनच. बाळाची फुप्फुसे पिकवणारे स्टेरॉइड आईला टोचणे, आणि अपुऱ्या दिवसांचे बाळ सांभाळता येईल अशा रुग्णालयात त्या आईला पोहोचवणे. हे दोन्ही होत नसेल तर कळा थांबवण्याचे औषध म्हणजे निव्वळ देखावा.

त्या स्टेरॉइडची कथा प्रत्येक वैद्यकीय महाविद्यालयाच्या दारावर कोरून ठेवावी अशी आहे. न्यूझीलंडमधल्या ऑकलंड येथे ग्रॅहम लिगिन्स नावाचे प्रसूतितज्ज्ञ १९६०च्या दशकात मेंढ्यांवर भलताच प्रश्न तपासत होते: प्रसूतीची वेळ कोण ठरवते, आई की पोटातले पिल्लू? त्यांनी पोटातल्या पिल्लांना स्टेरॉइड टोचले. त्यांतले एक पिल्लू इतक्या लवकर जन्मले, की ते जगायला नको होते. ते श्वास घेत राहिले. त्याचे फुप्फुस पाहिले तर त्यात हवा भरलेली होती. चांगल्या शास्त्रज्ञाला आपला मूळ प्रश्न बाजूला ठेवता यावा लागतो. लिगिन्स यांनी बालरोगतज्ज्ञ रॉस हावी यांना बरोबर घेऊन २८२ मातांवर चाचणी केली, आणि १९७२ साली जगाला सांगितले की आईला हे इंजेक्शन दिले तर श्वास न घेता आल्याने दगावणारी बाळे वाचतात. जगाने काय केले? जग डुलक्या घेत बसले. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने हे इंजेक्शन वापरा असे एकमताने बजावले ते १९९४ साली. बावीस वर्षे! पुराव्यांचा ताळा करणाऱ्या ‘कॉक्रेन’ संस्थेच्या बोधचिन्हात ज्या आडव्या रेघा दिसतात त्या याच स्टेरॉइडच्या चाचण्यांच्या आहेत. उत्तर हाताशी असूनही ते कोणी एकत्र मांडून पाहिले नाही, म्हणून किती बाळे गेली, याची ती कायमची आठवण.

गरीब देशांत याचा उपयोग होतो का, ही शंकाही २०२० साली फिटली. भारतासह पाच देशांत जागतिक आरोग्य संघटनेने डेक्सामेथासोनची चाचणी घेतली. नवजात बाळांचे मृत्यू २३.५ टक्क्यांवरून १९.६ टक्क्यांवर आले. २५ मातांना इंजेक्शन दिले की एक बाळ वाचते असा हिशेब निघाला. आणि हे औषध आहे तरी काय? कोणत्याही मेडिकलच्या दुकानात काही रुपयांना मिळणारी, दोन मिलिलिटरची काचेची कुपी. तिच्यात आठ मिलिग्रॅम औषध असते. सहा मिलिग्रॅमचा डोस, म्हणजे सिरिंजमध्ये दीड मिलिलिटर. दर बारा तासांनी एक, असे चार. चौथा डोस छत्तिसाव्या तासाला संपतो. अठ्ठेचाळीस तासांत बारा तास शिल्लक उरतात, अ‍ॅम्ब्युलन्सच्या फाटलेल्या टायरसाठीही वेळ ठेवून!

केंद्र सरकारने जून २०१४ मध्ये याची सविस्तर मार्गदर्शक पुस्तिका काढली. २४ ते ३४ आठवड्यांच्या दरम्यान अकाली कळा आल्या तर आरोग्यसेविकेनेसुद्धा पहिला डोस टोचून मगच बाईला वरच्या रुग्णालयात पाठवावे, इतका स्पष्ट अधिकार तिने दिला. नर्सबाईच्या हातात एवढे बळ देणारा कागद आपल्याकडे क्वचितच निघतो. निघाला, तो फायलीत गेला, प्रशिक्षणात एक दिवस चहा-बिस्किटांबरोबर वाचला गेला, पुढे?

पुढे काय होते ते डिस्चार्ज कार्डावर वाचायला मिळते. त्याचा ठराविक नमुना असा: ३१ आठवडे. पोटात दुखते. पिशवीचे तोंड एक बोट उघडलेले. इंजेक्शन आयसॉक्सुप्रीन, मग गोळी दिवसातून तीनदा. लोह, कॅल्शियम, प्रोटीन पावडर. पूर्ण विश्रांती. पंधरा दिवसांनी दाखवणे. या कार्डावर डेक्सामेथासोनची ओळ शोधा. ती अनेकदा नसते. असली तर एका डोसाची असते. बाळ अमुक रुग्णालयात व्हावे, तिथे नवजात अतिदक्षता कक्ष आहे, ही ओळ शोधा. ती तर दुर्बीण लावूनही सापडायची नाही. दोन दिवस विकत घेतले आणि प्रोटीन पावडरीत कालवून टाकले!

आणि त्या ‘पूर्ण विश्रांती’ या शब्दांचा तर आम्हाला संताप येतो. अंथरुणाला खिळून राहिल्याने अकाली प्रसूती टळते याला पुरावा नाही, ही एक गोष्ट. दुसरी गोष्ट, हे शब्द कोणाला उद्देशून लिहिले जातात? नवरा-बायको मिळून ‘एक कोयता’ मोजला जातो अशा ऊसतोडीच्या फडात, जिथे मुकादमाची उचल अंगावर आहे, एका दिवसाचा खाडा पडला तर दंड कापला जातो आणि पोटुशी बाई डोक्यावर मोळी घेऊन ट्रकला लावलेल्या फळीवर चढते, तिथे डॉक्टरांनी लिहिलेली पूर्ण विश्रांती कोणी कशी घ्यायची? बीडच्या याच बायकांच्या गर्भपिशव्या काढल्याचे प्रकरण २०१९ साली विधिमंडळात गाजले. पिशवी काढायला तत्पर असलेली व्यवस्था, पिशवीतले बाळ दोन दिवस सांभाळायची वेळ आली की कागदावर दोन शब्द लिहून हात झटकते.

आता अ‍ॅम्ब्युलन्सचे बघा. धारणीहून अमरावती, धडगावहून नंदुरबार, भामरागडहून गडचिरोली हे रस्ते नकाशावर बोटभर दिसतात आणि रात्री पावसाळ्यात संपता संपत नाहीत. अशा रस्त्याने बाराशे ग्रॅमचे बाळ न्यायचे असेल तर ते आईच्या पोटातून न्यावे, हे शहाणपण जगन्मान्य आहे. आपण नेमके उलटे करतो. बाईला थांबवून धरतो, बाळ जन्मते, निळे पडते, मग धावपळ करून टॉवेलात गुंडाळून ऑक्सिजनच्या नळीसह गाडीत घालतो. गाडीत बाळ थंड पडते. थंड पडलेले अपुऱ्या दिवसांचे बाळ काचेच्या पेटीत ठेवले म्हणजे सगळे सुरळीत होते असे ज्यांना वाटते, त्यांनी एकदा त्या पेट्यांच्या दाराबाहेर रात्र काढावी. आत दिवसाला हजारो रुपयांचे बिल, बाहेर व्याजाने पैसे काढायला गेलेला बाप. जे काम काही रुपयांच्या कुप्यांनी झाले असते, त्यासाठी शेत गहाण पडते.

ही औषधे निरुपद्रवी असती तर आम्ही आवाज एवढा चढवला नसता. आयसॉक्सुप्रीनच्या घराण्याने गर्भाशय सैल होतो तसा आईच्या हृदयाचा ठोकाही वाढतो. छातीत धडधडते, रक्तदाब उतरतो, आणि क्वचित फुप्फुसांत पाणी भरून बाई दगावते. जुळी असतील, सलाइन बेसुमार चढवले असेल, तर हा धोका वाढतो. ज्या देशात २०१९-२१ च्या पाहणीनुसार ५२ टक्के गरोदर बायका रक्तक्षयाने पांढऱ्याफटक पडलेल्या आहेत, तिथे हृदयावर असा आसूड ओढणे याला उपचार म्हणायचे? अमेरिकेच्या औषध नियामकाने २०११ साली टर्ब्युटालीनच्या गोळ्या या कामासाठी देऊच नका आणि इंजेक्शन ४८ ते ७२ तासांपलीकडे नेऊ नका, असा अतितीव्र इशारा छापायला लावला. युरोपच्या नियामकाने २०१३ साली अख्ख्या घराण्याची झडती घेतली, त्यात आपले लाडके आयसॉक्सुप्रीनही होते. गोळ्या प्रसूतिशास्त्रातून हद्दपार केल्या, इंजेक्शनला ४८ तासांची वेस घातली. ब्रिटनच्या ‘नाइस’ने २०१५ साली हे घराणे कळा थांबवण्यासाठी वापरूच नये असे सांगितले. आणि आपल्याकडे? आपल्याकडे आयसॉक्सुप्रीनची गोळी चिठ्ठीवर लिहिली जाते, दुकानात मिळते, आणि महिना-महिना गिळली जाते. युरोपातल्या गरोदर बाईचे हृदय वेगळ्या मातीचे असते काय?

वैद्यकाने गर्भ ‘टिकवण्याच्या’ नावाखाली आजवर काय काय केले याची आठवण करून दिली की काही डॉक्टरांना राग येतो. येवो. १९६०च्या दशकात न्यूयॉर्कमध्ये फ्रिट्झ फुक्स या तज्ज्ञांनी कळा थांबवण्यासाठी बायकांच्या शिरेतून दारू चढवली, आणि ही रीत पुढे बरीच वर्षे मोठमोठ्या रुग्णालयांत चालली. डायइथिलस्टिल्बेस्ट्रॉल हे संप्रेरक गर्भ टिकावा म्हणून लाखो बायकांना दिले गेले. ते कुचकामी आहे हे शिकागोच्या चाचणीने १९५३ सालीच दाखवले होते, तरी ते चालूच राहिले. १९७१ साली बॉस्टनच्या डॉक्टरांना आठ तरुण मुलींत योनिमार्गाचा दुर्मीळ कॅन्सर आढळला. त्या आठांपैकी सात जणींच्या आईने पोटुशी असताना हेच औषध घेतले होते. अठरा वर्षे पुरावा उशाशी घेऊन झोपलेल्या धंद्याची किंमत त्या मुलींनी मोजली. परवापरवाचे म्हणाल तर अमेरिकेत अकाली प्रसूती टाळण्यासाठी हायड्रॉक्सीप्रोजेस्टेरॉनचे इंजेक्शन २०११ साली मंजूर झाले, कंपनीने सुरुवातीला डोसाला १,५०० डॉलर किंमत लावली, २०१९ साली मोठ्या चाचणीत ते सपशेल आपटले, आणि एप्रिल २०२३ मध्ये त्याची मंजुरी काढून घेतली गेली. हेच इंजेक्शन आपल्याकडे गरोदरपण टिकवण्यासाठी सर्रास टोचले गेले आहे.

निरुपयोगी औषध इतकी वर्षे टिकते कसे? कावळा बसायला आणि फांदी तुटायला गाठ पडते म्हणून. अकाली कळा घेऊन रुग्णालयात आलेल्या बायकांपैकी सुमारे निम्म्या काहीही न देता पुढे पूर्ण दिवसांच्या होतात. कळा आपोआप थांबतात, श्रेय गोळीला मिळते, बाईची नणंद पुढच्या वर्षी त्याच डॉक्टरांकडे त्याच गोळीसाठी येते. ज्या बाईचे बाळ गेले ती मात्र पुन्हा तिथे पाऊल टाकत नाही, आणि तिची नोंद कोणी ठेवत नाही.

स्टेरॉइडच्या बाजूनेही आम्ही आंधळेपणाने ढोल बडवणार नाही. ते सरसकट वाटण्याचा प्रयोग सहा देशांत झाला, २०१५ साली त्याचा निकाल लागला, आणि त्यात आपले नागपूर आणि शेजारचे बेळगाव होते. निकाल धक्कादायक होता: जिथे हे इंजेक्शन गावोगाव पोहोचवले गेले तिथे नवजात बाळांचे मृत्यू हजारी २७.४ दिसले, जिथे पोहोचवले नव्हते तिथे २३.९. पुष्कळ बायकांना ते गरज नसताना मिळाले, त्यांची प्रसूती पुढे पूर्ण दिवसांनीच झाली. आणि बाळाला सांभाळायची सोय तर कुठेच वाढली नव्हती. म्हणून गरोदरपणाचे दिवस नेमके माहीत हवेत, प्रसूती खरोखर तोंडावर आलेली हवी, आईला संसर्ग नको, आणि बाळासाठी धड रुग्णालय हवे, या अटी घालूनच आता ते द्यायला सांगितले जाते.

यातली पहिली अट वाचा आणि आपल्याकडे बघा. पाळीची तारीख विचारली तर ‘पोळ्याच्या आसपास’ असे उत्तर येते. पहिल्या तीन महिन्यांतली एक सोनोग्राफी दिवस नेमके सांगते. गर्भलिंग तपासणीविरुद्ध देशात पहिला कायदा १९८८ साली याच महाराष्ट्राने केला, याचा आम्हाला अभिमान आहे. तो कायदा करावा लागला कारण पोटातली मुलगी हुडकून काढायला तंत्रज्ञान गल्लीबोळात पोहोचले होते. बाळाला मारायला जे पोहोचते ते त्याचे वय मोजायला मेळघाटात पोहोचत नाही, याची शरम कोणाला वाटायची?

डॉक्टरांची बाजू आम्हाला ठाऊक आहे. ‘काहीतरी करा’ म्हणून नातेवाईक छातीवर बसतात. माझ्याने हे होणार नाही, जिल्ह्याला न्या, असे खरे सांगणाऱ्याचा पेशंट जातो आणि प्रसंगी काचाही फुटतात. काचा फोडणाऱ्यांना तुरुंगात टाका, आम्ही तुमच्या बाजूने लिहू. पण जमावाच्या भीतीने खोटा उपचार करणे हा वैद्यकाचा धर्म नव्हे. आणि तुमच्या संघटना कुठे आहेत? प्रसूतितज्ज्ञांच्या अखिल भारतीय महासंघाचे मुख्यालय आमच्याच मुंबईत आहे. परिषदांच्या मांडवात औषध कंपन्यांचे स्टॉल मोजायला सदस्यांना सवड आहे; आयसॉक्सुप्रीनच्या महिनाभराच्या गोळ्या बंद करा, असे प्रत्येक सदस्याला एका ओळीचे पत्र धाडायला नाही?

सरकारने आता समित्या नेमू नयेत. औषध व सौंदर्यप्रसाधन कायद्याच्या कलम २६-अ खाली लोकहितासाठी औषधावर बंदी घालण्याचा अधिकार केंद्राकडे आहे. कळा थांबल्यानंतर चालू ठेवायच्या आयसॉक्सुप्रीनच्या गोळ्यांची त्या कलमाखाली तपासणी करावी, आणि राज्याने तशी मागणी लेखी करावी. कळा थांबवण्याचे पहिले इंजेक्शन टोचले, की त्याच केसपेपरवर गरोदरपणाचे आठवडे, डेक्सामेथासोनच्या चार डोसांच्या वेळा आणि पाठवणीच्या रुग्णालयाचे नाव, सहीसह लिहिणे बंधनकारक करावे. खाजगी असो की सरकारी. ३४ आठवड्यांआधी बाळंत झालेल्या किती बायकांना चारही डोस मिळाले, किती बाळे आईच्या पोटातून योग्य ठिकाणी पोहोचली, किती टॉवेलातून गेली, हा आकडा जिल्ह्यागणिक, रुग्णालयागणिक, दर तीन महिन्यांनी जाहीर व्हावा आणि आरोग्यमंत्र्यांनी तो येत्या अधिवेशनात सभागृहाच्या पटलावर ठेवावा. ज्या जिल्ह्यात निम्म्या बायकासुद्धा त्या काही रुपयांच्या कुपीपर्यंत पोहोचल्या नसतील, तिथल्या जिल्हा शल्यचिकित्सकांना आणि तिथल्या पालकमंत्र्यांना एकाच बाकावर बसवून कारण विचारावे.